‘हा पाय माझा वाटत नाही’: खुबा बदलल्यानंतरचं समाधान

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आई ६७ वर्षांच्या. उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता, तो सात आठवड्यांपूर्वी बदलला. एक्स-रे चांगला आहे, जखम सुकली आहे, सर्जन म्हणतात सगळं उत्तम. पण आई म्हणतात, "हा पाय माझा वाटत नाही. लांब झालाय. उगीच केलं." घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारच्या काकूंचा गुडघा बदलून दोन वर्षं झाली तरी त्यांची कुरकुर संपलेली नाही, त्यामुळे घरात सगळे धास्तावलेत. दर सोमवारी चालत कोपिनेश्वराच्या देवळात जाणाऱ्या आई आता गॅलरीतल्या खुर्चीतून उठायला तयार नाहीत. ऑपरेशन फसलं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २२ वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत खुबा, गुडघा बदललेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या पायाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच. पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून ऑपरेशन फसल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. सात आठवडे हा या ऑपरेशनचा निकाल लावायचा काळच नाही. तरीही आई जे म्हणतायत ते बारकाईने ऐका. "एक्स-रे चांगला आहे ना, मग कशाला रडतेस" हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय, आणि त्याने एकाही पेशंटचं दुखणं कमी झालेलं पाहिलेलं नाही.

आधी "माझा वाटत नाही" याबद्दल. या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून काढतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि त्यावर नवा गोळा. समोरची वाटी घासून साफ करून तिच्यात नवी वाटी बसते. तिथपर्यंत पोचायला सांध्याभोवतीचं आवरण उघडावं लागतं, काही स्नायू बाजूला सारावे लागतात, काही हाडापासून सोडवून परत शिवावे लागतात. आपला पाय कुठे आहे, किती वाकलाय, हे डोळे मिटूनही आपल्याला कळतं, कारण स्नायूंतल्या आणि सांध्याच्या आवरणातल्या नसांची बारीक टोकं मेंदूला सतत खबर देत असतात. ऑपरेशननंतर काही काळ ही खबर नीट पोचत नाही. त्यात सूज, व्रणाभोवतीची बधिर कातडी, आणि कित्येक महिने दुखऱ्या पायावर भार न टाकण्याची लागलेली सवय. तेव्हा पाय परका वाटणारच. भार टाकत, चालत, तोल सांभाळण्याचे व्यायाम करत तो हळूहळू आपला होतो.

आता लांब झाल्याची तक्रार. माझ्याकडच्या तीन पेशंटमागे एक तरी पहिल्या दोन महिन्यांत हे म्हणतो, आणि मोजून पाहिलं तर बहुतेक वेळा फरक नसतो किंवा अगदी थोडा असतो. झिजलेल्या खुब्यात मधली जागा संपत जाते, पाय खरोखरच थोडा आखूड होतो, आजूबाजूचे स्नायू आकसतात. माणूस वर्षानुवर्षं कंबर एका बाजूला झुकवून चालतो आणि शरीर त्यालाच सरळ समजू लागतं. झिजेमुळे गेलेली उंची ऑपरेशनमध्ये परत मिळते, पण आकसलेले स्नायू एका दिवसात सैल होत नाहीत. ते कंबरेला ओढून धरतात आणि पाय लांब झाल्यासारखा भासतो. त्यात पायांमध्ये उशी ठेवून झोपण्याची सूचना असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आणखी ताठ राहतात. हा भास साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. खरा फरक एक सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेकांचं शरीर तो सामावून घेतं.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती: इतक्यात दुसऱ्या चपलेला टाच लावून घेऊ नका. स्टेशनजवळच्या दुकानात कोणीतरी सांगतं, लगेच अर्ध्या इंचाचा सोल चिकटवून मिळतो. आकसलेल्या स्नायूंना सैल व्हायचं कारणच मग उरत नाही आणि वाकडी कंबर वाकडीच राहते. सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत असेल तर सर्जन एक्स-रेवर मोजतील, आखूड पायाखाली वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या ठेवून किती उंचीला बरं वाटतं ते पाहतील, आणि मगच टाच.

आई लंगडत असतील तर तेही सांगते. एका पायावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू नये म्हणून कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू तिला धरून ठेवतो. साधं चालतानासुद्धा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, तो मुख्यतः या स्नायूच्या ओढीमुळे. दुखऱ्या खुब्याचा हा स्नायू वर्षभर तरी कामचुकार झालेला असतो. सांधा एका तासात बदलता येतो, स्नायूला महिने लागतात. त्याच्यासाठी व्यायाम अगदी साधा आहे. ओट्याला धरून ताठ उभं राहायचं, पाय बाजूला न्यायचा, बोटं समोर, शरीर न झुकवता. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र काही ऑपरेशनांत हाच स्नायू सोडवून शिवलेला असतो, तेव्हा सुरू करण्याआधी सर्जनना विचारा.

आणि काठी. नौपाड्यापासून नेरुळपर्यंत निम्मे पेशंट मला ऑपरेशनच्या बाजूच्याच हातात काठी धरलेले दिसतात. काठी विरुद्ध हातात हवी. उजवा खुबा बदललाय, तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे जायला हवी. तसं केलं की त्या कमजोर स्नायूचं काम काठी वाटून घेते. लंगडणं दिसतंय तोवर काठी सोडू नका. "काठी सुटली" हे नातेवाईकांना सांगायला छान वाटतं, पण लवकर काठी सोडून लागलेलं लंगडणं पुढे वर्षभर जात नाही.

आता शेजारच्या काकूंबद्दल. त्यांचा अनुभव खरा असेल, पण तो गुडघ्याचा आहे. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरानंतरही पूर्ण समाधानी नसतो, हे जगभरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. खुब्याचं तसं नाही. तिथे दहातले नऊ किंवा त्याहून जास्त लोक समाधानी असतात. खुबा हा साधा चेंडू-वाटीचा सांधा, त्याची नक्कल चांगली जमते. गुडघा वाकता वाकता सरकतो, थोडा वळतो, त्याची नक्कल कठीण. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा लहान गोळा, प्लास्टिकची वाटी आणि हाडाचं सिमेंट ही जोडी बसवली, तीच कल्पना सुधारत सुधारत आज तुमच्या आईंच्या शरीरात आहे. इतकी वर्षं टिकलेली शस्त्रक्रिया शोधायला गेलं तर फार थोड्या सापडतील.

समाधान मोजायची एक पद्धत आहे, ती तुम्हाला कळावी असं मला वाटतं, कारण घरबसल्या तिचा उपयोग होतो. ऑक्सफर्ड हिप स्कोअर नावाची बारा प्रश्नांची यादी आहे. गेल्या चार आठवड्यांत खुबा किती दुखला, रात्री दुखून झोप मोडली का, जिना चढता आला का, गाडीत बसता-उतरता आलं का, बाजारहाट जमला का, लंगडायला झालं का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी खर्चाने खुबा बदलणाऱ्यांना ही यादी ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनी भरायला देतात. तिथे सरासरी १८ च्या आसपासचे गुण सहा महिन्यांनी ४० च्या आसपास जातात. लक्षात घ्या, सहा महिन्यांनी. सात आठवड्यांनी कोणी विचारत नाही. आणि सहा महिन्यांनंतरही वर्षापर्यंत थोडी थोडी सुधारणा होत राहते.

पण या यादीत एक गोष्ट मला नेहमी खटकते. त्यात पायमोजे घालता येतात का हा प्रश्न आहे. मांडी घालून जमिनीवर बसता येतं का, हा नाही. पायमोजे आपल्याकडच्या किती आज्या घालतात? आपल्या माणसाचं समाधान पुष्कळदा त्या बारा प्रश्नांच्या बाहेरच अडकलेलं असतं, आणि ते ऑपरेशनच्या आधी कोणी विचारतच नाही.

हे मला शिकवलं कोपरखैरण्याच्या एका माथाडी कामगाराने. पन्नाशीचा माणूस, मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या बाजारात पोती उचलण्यात आयुष्य गेलेलं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून गोळा खचला होता. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीत खुबा बदलावा लागण्याचं हे मोठं कारण आहे. दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधं, सिकलसेलसारखे रक्ताचे आजार, जुनी दुखापत, आणि कधी काहीच कारण सापडत नाही. त्यांचा सांधा बदलला. चार महिन्यांत ते विनाकाठी चालू लागले, दुखणं शून्य, जिना सरळ पावलांनी. मी माझ्या वहीत "उत्तम" लिहिलं. सहाव्या महिन्यात त्यांची पत्नी मला म्हणाली, "मॅडम, हे दिवसभर भिंतीकडं बघत बसत्यात." ऑपरेशन करून पुन्हा पोती उचलता येतील या एका आशेवर त्यांनी पैसे उभे केले होते. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणं नव्या सांध्याला परवडणारं नाही, हे त्यांना आम्ही कोणीच आधी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यांचे गुण मोजले असते तर ४८ पैकी ४५ तरी आले असते. माणूस मात्र हरलेला होता. पुढे त्यांना मोजणीचं काम मिळालं तेव्हा ते सावरले, पण ते सहा महिने मी त्यांचे वाचवू शकले असते.

याउलट वर्तकनगरच्या एक ७२ वर्षांच्या आजी. आजही थोड्या लंगडतात, दुसऱ्या पायाचा गुडघा झिजलेला आहे, मधुमेह आहे, काठीशिवाय खाली उतरत नाहीत. कागदावर त्यांचा निकाल मध्यमच. पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की देवासारखं ऑपरेशन झालं. का? ऑपरेशनआधी दोन वर्षं त्यांना रात्री कुशीवर वळताना जाग यायची. आता सलग झोप लागते. त्यांना तेवढंच हवं होतं आणि ते त्यांना पूर्ण मिळालं.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते: या पायाने तुम्हाला काय करायचंय? उत्तरं फार वेगवेगळी येतात. गावच्या घरी चार दिवस राहायचंय. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचंय. गौरीपुढे बसून हळद-कुंकू वाहायचंय. ऐरोलीच्या ऑफिसात परत जायचंय, लोकलने. मग त्यातलं काय जमेल, काय उशिरा जमेल आणि काय सोडून द्यावं लागेल हे स्पष्ट बोलता येतं. ज्या पेशंटला आधीच ठाऊक असतं की उकिडवं बसणं आता सोडायचं, तो कमोडची तक्रार करत नाही. ज्याला नंतर कळतं, त्याला फसवल्यासारखं वाटतं. सांधा दोघांचाही सारखाच असतो.

जमिनीवर बसण्याचा प्रश्न तुमच्याकडेही आज ना उद्या येईल. खुबा पाठीमागच्या बाजूने उघडून बदलला असेल, जसा आपल्याकडे पुष्कळदा बदलतात, तर गोळा निखळण्याचा धोका कुठल्या हालचालीत असतो? खुबा काटकोनाच्या पुढे वाकणं, गुडघा दुसऱ्या पायाकडे येणं आणि पाऊल बाहेर फेकलं जाऊन मांडी आत वळणं, हे तिन्ही एकत्र झालं की. आता आठवून पाहा, साडी नेसलेल्या बायका पूजेला दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात, त्यात एका पायाची नेमकी हीच अवस्था होते. खाली पडलेली वस्तू पायाच्या बाहेरच्या बाजूने वाकून उचलताना हेच होतं. सोसायटीच्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावताना हेच होतं. मांडी घालून बसताना उलट मांड्या बाहेर वळतात, त्यामुळे ती स्थिती त्या मानाने सुरक्षित. धोका असतो तो खाली बसताना आणि उठताना होणाऱ्या धडपडीत. पुढच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनचे नियम वेगळे, तिथे पाय मागे नेऊन बाहेर वळवणं टाळायचं असतं. तेव्हा सर्जनना दोन सरळ प्रश्न विचारा: ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं, आणि मांडी घालून बसायला तुमची परवानगी कधी? काही सर्जन काही महिन्यांनी देतात, काही देत नाहीत, आणि त्यामागे बसवलेल्या गोळ्याचा आकार, वाटीचा कोन अशी कारणं असतात. निखळण्याचं प्रमाण एकूण कमी आहे, शंभरात एक ते तीन, पण त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि तुम्ही अजून त्या तीन महिन्यांत आहात. रिक्षात बसतानाही हेच लक्षात ठेवा. सीट खोलगट असते, गुडघे खुब्याच्या वर जातात. सीटवर जाडसर उशी ठेवायची, आधी पाठ आत टेकवून बसायचं, मग पाय आत, आणि ऑपरेशनचा पाय थोडा पुढे लांब.

"उगीच केलं" या शब्दांकडे परत येते. सातव्या आठवड्यात हे म्हणणारी बाई बहुधा दुखण्याबद्दल बोलत नसते. तिला आंघोळीला सून किंवा मुलगी लागते. ओटा दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. ती दुसऱ्या मजल्यावर अडकलेली असते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "जपा हं, पडू नका" सांगून जातो. हे वाक्य ऐकून ऐकून ती खुर्चीला चिकटते, मग स्नायू आणखी कमजोर होतात, मग पाय आणखी परका वाटतो. ज्यांना आधीपासून मनाची घालमेल किंवा उदासी असते त्यांना ऑपरेशननंतरचं समाधान कमी मिळतं, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. आईंची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सारखं रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि त्या उपचाराने पायसुद्धा लवकर चालतो.

घरात एक काम त्यांना परत द्या. उंच स्टूलवर बसून भाजी निवडणं, कणीक मळणं, देवाची पूजा उंच चौरंगावर मांडून. ही दया दाखवायची म्हणून सांगत नाही. उठणं, वळणं, दोन पायांवर भार सारखा वाटणं, हे सगळं त्यात आपोआप होतं, आणि माझ्या व्यायामांपेक्षा ते जास्त वेळा होतं.

काही तक्रारींना मात्र "थांबा, होईल बरं" म्हणायचं नाही. जखमेतून पाणी किंवा पू, आजूबाजूला वाढती लाली, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी सर्जनना फोन, आणि आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. जंतुसंसर्ग शंभरात एखाद्यालाच होतो, पण त्यात दिवस वाया गेले की सांधा जातो. पोटरी सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, थेट दवाखान्यात जा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिका बोलवा. खाली बसताना किंवा वळताना कट्कन आवाज, असह्य कळ, पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, तर सांधा निखळलाय. उभं करायचा प्रयत्न करू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणि एक जरा हळू येणारं लक्षण: कमी होत गेलेलं दुखणं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा वाढायला लागणं, विशेषतः रात्री किंवा पहिली दोन-चार पावलं टाकताना मांडीत. दिवसाकाठी कमी-जास्त होणारं दुखणं वेगळं, आठवड्यामागून आठवडा चढत जाणारं वेगळं. त्यासाठी कॅलेंडरवर रोज शून्य ते दहा असा एक आकडा आईंकडूनच लिहून घ्या.

दुखतं कुठे हेही त्यांना बोटाने दाखवायला सांगा. मराठीत आपण कंबर, खुबा, कुल्ला, मांडी सगळ्याला कंबरच म्हणतो. खुब्याचं खरं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं. मागे कुल्ल्यात दुखून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील तर ते मणक्याचं असण्याची शक्यता जास्त. या वयात खुबा आणि मणका दोन्ही झिजलेले असणं अगदी नेहमीचं आहे. खुबा बदलल्यावर खुब्याचं दुखणं जातं, मणक्याचं राहतं, आणि पेशंटला वाटतं ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. असमाधानी पेशंटमध्ये हा गट मोठा आहे.

किती वर्षं टिकेल, हेही तुमच्या मनात असणार. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ साली मांडलेला हिशोब असा: शंभरातले ८९ सांधे १५ वर्षं, ७० सांधे २० वर्षं आणि ५८ सांधे २५ वर्षं टिकले. त्यातले बरेच सांधे जुन्या प्लास्टिकचे होते. गेल्या दोन-अडीच दशकांत वापरात आलेलं प्लास्टिक त्याहून कमी झिजतं. धातूवर धातू घासणाऱ्या काही सांध्यांनी मात्र फार त्रास दिला, त्यातला एक २०१० साली जगभरातून मागे घ्यावा लागला. ते ऐकून कोणी घाबरवलं तर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेले सांध्याचे स्टिकर पाहा. कंपनी, माप, गोळा कशाचा, वाटी कशाची, सगळं त्यावर असतं. त्या पानाचा फोटो काढून दोन-तीन फोनमध्ये ठेवा. वीस वर्षांनी कुठल्या सर्जनना तो लागला, तर तो सापडणं फार मोलाचं असतं.

आता जिना. सातव्या आठवड्यात, सर्जनची मनाई नसेल तर, दुसरा मजला उतरून-चढून यायला हरकत नसते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी, आणि तुम्ही त्यांच्या खालच्या पायरीवर. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा खाली गेटपर्यंत, तिथे खुर्ची टाकून दहा मिनिटं बसणं, मग वर. पुढच्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत. घरातली पायपुसणी तोवर उचलून ठेवा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा.

आणि मग कोपिनेश्वर. तीन महिन्यांच्या तपासणीत सर्जन हो म्हणाले की त्यांना घेऊन जा, जाताना रिक्षाने आणि येताना जमेल तेवढं चालत. पहिल्या खेपेला सोमवार टाळा, गर्दीत धक्का लागतो. जांभळी नाक्यावर भाजीवाल्यांची गजबज वाढायच्या आत, सकाळी लवकर पोचा. बिनपट्ट्याच्या, मागून बंद असलेल्या चपला घालून न्या, म्हणजे काढताना वाकावं लागणार नाही. आत ओल्या फरशीवर काठीचं रबर घसरतं, म्हणून ते झिजलेलं नाही ना हे निघण्याआधी घरीच उलटं करून बघा.